उजव्या पायाची पालवी

खट्.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातला पाट वाजला आणि प्रणिता उठली. जुई नुकती कुठे झोपली होती. अर्धवट घडी केलेली चादर खांद्यावर टाकून तिने खुंटीवरचा हातआरसा घेतला. आवाज झाला की उठायचं, हे ती या घरात चालायला शिकली तेव्हापासून शिकली होती. बाबांच्या पायांना काही कळत नसे, म्हणून पायांची खबर घरातल्या सगळ्यांनी कानांनी घ्यायची. पाट वाजला, दार आपटलं, भांडं पडलं, की ज्याचे हात रिकामे असतील त्याने आरसा घेऊन जायचं, बाबांना बसवायचं, तळवा उलटा करायचा. रक्त आहे का, सूज आहे का, काही रुतलंय का. आई होती तोवर आई उठायची, मग प्रणिता. आता तिची पाच वर्षांची लेक जुईसुद्धा झोपेत नसेल तर प्रणिताच्या आधी धावायची.

बाबा, म्हणजे दौलत, पाटासमोर उभे होते. उजवा पाय जरा उचललेला, हात भिंतीला टेकलेला. प्रणिता आत आली तशी त्यांनी दुसऱ्या हाताने तिला थांबवलं.

"बोलू नको. जाईन ते."

"काय जाईल बाबा?"

"प्रणे," ते अगदी हळू म्हणाले, मांजर पळून जाऊ नये अशा आवाजात, "दुखते वं."

मग त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत पाटाला पुन्हा एकदा अंगठा मारला. "स्स्!" एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून न आलेला तो आवाज. आणि बासष्ट वर्षांचा तो माणूस मोरीच्या कट्ट्यावर बसून, पाय दोन्ही हातांत धरून, हसत आणि रडत राहिला. त्या आवाजाने जुई उठून आली. आबाजींना लागलंय आणि आई हसतेय, हे बघून तिने आधी भोकाडच पसरलं.

*

पाटावरून उठलेली ती कळ गुडघ्यापासून पायापर्यंत यायला चौदा महिने लागले होते.

कुष्ठरोगाचा जंतू फार सावकाश काम करतो आणि त्याला थंडावा आवडतो. म्हणून तो शरीराच्या कडेकडेने राहतो, हातापायांच्या नसांत. नस म्हणजे तार असं धरलं, तर तारेवर जसं वेष्टण असतं तसं नसेवर पेशींचं वेष्टण असतं, आणि जंतू नेमका त्या वेष्टणात घर करतो. औषधाने जंतू मरतो. दौलतचाही वयाच्या तिशीत वर्षभरात मेला होता. पण वेष्टण गेलं की आतली तार वाळते, आणि वाळलेली तार काही परत येत नाही. माणूस बरा होतो, पाय बहिरा राहतो.

बहिऱ्या पायाचं पहिलं दुखणं म्हणजे जखमा. दुसरं, आतलं, कोणाला दिसत नाही: हाडं. तुमच्या-आमच्या पायातलं हाड जरा चिरलं तर आपण लंगडतो, बसतो, त्याला सांधायला वेळ देतो. ज्याला कळतच नाही तो चिरलेल्या हाडावर बाजार करून येतो. मग चिरेचा तुकडा होतो, तुकड्याचा भुगा, आणि पायाचा आकारच बदलतो. बोटांची टोकं तर साबणाच्या वडीसारखी झिजत मागे सरतात. त्यात दौलतना तरुणपणी अंगावर गाठी उठून ताप यायचा, त्यावर वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी हाडं आणखी पोकळ केलेली.

आता यातली गंमत अशी की जंतूला स्वतःला एक विद्या येते. वेष्टणातल्या म्हाताऱ्या पेशीला तो पुन्हा पोर करून टाकतो, म्हणजे तिच्यातून त्याला हवं तिकडे पसरता येतं. शास्त्रज्ञांनी जंतू बाजूला ठेवला आणि ती विद्या तेवढी उचलली. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत चार प्रथिनं बनवण्याचा निरोप भरायचा, नसेच्या बाजूने टोचायचा. वेष्टण पुन्हा तरुण होतं, वाट तयार करतं, आणि त्या वाटेने गुडघ्याकडची जिवंत नस खाली वाढू लागते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. उपचाराचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. दौलत राहत त्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सगळे त्याला पालवी म्हणत.

चाचणीसाठी वसाहतीतून एकाच माणसाची निवड झाली. तीही एकाच पायाची. डावा पाय आणि दोन्ही हात तुलनेसाठी तसेच ठेवायचे होते.

"म्हणजे आबाजींचा एक पाय पास झाला?" जुईने त्या दिवशी रडणं थांबल्यावर विचारलं.

"हाव," दौलत म्हणाले. "एकच. बाकीचे तिघं अजून नापास."

"मग माझं काम?"

जुईचं काम म्हणजे चहाचा पेला. दौलतच्या हातात गरम काही द्यायचं तर आधी पोराने हात लावून सांगायचं, ही वसाहतीतल्या घराघरातली रीत होती. जुई पेल्याला दोन बोटं लावायची आणि डॉक्टरिणीच्या थाटात सांगायची, "थांबा," नाहीतर, "घ्या."

"तुझं काम पक्कं हाये माय," दौलत म्हणाले. "हाताले काय कळते? हात ठोंबेच हायेत."

*

संध्याकाळी ओट्यावर सगळी वसाहत जमली. वसाहत म्हणजे उरलेली एकवीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. नवे रोगी आता क्वचित यायचे. पेढे वाटून झाले, आणि मग सगळे दौलतभोवती असे बसले जसे कोणी विमानाने परदेश बघून आलाय.

"कसं दुखते? सांग ना बरोबर," सखूबाई म्हणाली. तिच्या दोन्ही हातांची बोटं पेरांपर्यंत आखडली होती, तरी बोलताना तिचे हात स्वस्थ बसत नसत.

"आधी टोचल्यावानी. मग गरम. मग आतून कोणी ओढते."

"अन् मग?"

"मग राह्यते थोडा वेळ. अन् जाते. पण जाता जाता सांगून जाते, की इथं होतो म्हणून."

"नशीबवान हायेस लेका," सखूबाई म्हणाली. "जरा चालून दाखव. उतारावर जाऊन ये."

दौलत गेले, आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ज्या घरांत वेदना कधी येतच नाही, तिथे तिचं असं स्वागत होतं. पायात खिळा घुसलेला संध्याकाळी आंघोळीला कळायचा, अशी आयुष्यं काढलेली माणसं ती. दुखतंय म्हणजे जगतंय, एवढंच त्यांना माहीत होतं. डॉक्टर मसरामही खूश होते. आरमोरीकडचा तरुण माणूस, चाचणीचं सगळं तोच बघायचा. प्रणिताने रोज दुखण्याचा दहापैकी आकडा फोनवर पाठवायचा होता. पहिल्या आठवड्यात दोन. मग तीन. मग पाच.

"छान चढतोय आलेख," डॉक्टर म्हणाले. "नस खाली पोचतेय. हाडं नाजूक आहेत, फार चालू देऊ नका."

ते शेवटचं वाक्य प्रणिताने ऐकलं होतं. नंतर तिने ते कितीदा तरी आठवून पाहिलं. ऐकलं होतं, हे नक्की.

*

दौलत चालू लागले. सकाळी वसाहतीच्या फाटकापर्यंत, मग नाल्यावरच्या पुलापर्यंत, मग पार बसथांब्यापर्यंत. खडा टोचला की थांबायचे, कौतुकाने खडा बघायचे, खिशात टाकायचे. जुईने त्या खड्यांसाठी एक डबाच केला होता.

प्रणिता चपलांचा कारखाना चालवायची. तो मूळचा दौलतचाच. बहिऱ्या पायांसाठी मऊ रबराच्या चपला, खिळा न मारलेल्या, प्रत्येक पायाच्या मापाने. आता माप यंत्र घ्यायचं, तळही यंत्रच छापायचं. दौलत मात्र जुन्या पद्धतीवर अडून असत: शाई लावलेल्या रबरावर कागद, कागदावर पाय. जिथे भार जास्त तिथे काळं. वसाहतीतल्या प्रत्येकाच्या पायाचे असे कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत तारखा घालून ठेवले होते. स्वतःचेही.

प्रणिता दिवसभर गावोगावहून आलेल्या लोकांचे पाय हातात घेऊन बसे. घरी आल्यावर पूर्वी ती आरसा घेऊन बाबांचे पाय बघायची. आता उजवा बघेनाशी झाली. कधी थांबलं ते तिला सांगता आलं नसतं. डावा पाय बघायची, बहिऱ्याला बघायलाच हवं. उजव्याकडे आरसा न्यायची आणि बाबा म्हणायचे, "त्याले काय पाह्यतं? काही झालं तर तो सांगते ना आता." तिलाही ते पटायचं. इतक्या वर्षांनी एक तरी पाय स्वतःचं स्वतः सांगणार होता. एका पायापुरती तिला सुट्टी मिळाली होती, आणि ती तिने घेतली.

उजवा पाय आता जुईकडे असायचा. संध्याकाळी वाटीत खोबरेल तेल घेऊन ती आबाजींच्या पायाशी बसायची आणि आपल्या इवल्याशा तळव्याने तेल चोळायची. पहिल्या दिवशी दौलत एकदम म्हणाले, "थांब. हात उचलू नको." मग डोळे मिटून त्यांनी मोजलं. "एक. दोन. तीन. चार. अन् हा आंगठा."

"बरोबर!" जुई म्हणाली.

"प्रणे, इकडं ये वं. पोरगी मांडीवर बसते तवा वजन कळते, मोठी झाली ते कळते. पण बोटं... पाच येगयेगळी बोटं हायेत तिले. तुझी नाई मोजली मी कधी."

प्रणिता चुलीकडे वळली आणि उगाच भाजी ढवळत राहिली.

त्यानंतर तो रोजचा खेळ झाला. जुई कधी तीन बोटं टेकवायची, कधी दोन, आणि आबाजींनी न बघता ओळखायचं. दुखण्याचा आकडा सहावर गेला, सातवर गेला. बाबा दात आवळून हसायचे. "जोर करून राह्यली पालवी," म्हणायचे. प्रणिता आकडा पाठवायची आणि फोनवर हिरवी खूण यायची.

*

"आई, आबाजींचा पाय सगळाच्या सगळा उमटतो."

रविवारची सकाळ होती. दौलत आंघोळ करून ओल्या पायांनी गेले होते आणि जुई मोरीबाहेरच्या फरशीवर उकिडवी बसली होती. तिने आपलाही पाय ओला करून शेजारी उमटवला होता. "बघ, माझ्या पायाला मध्ये खाडी आहे. आबाजींच्या पायाची खाडी बुजली."

प्रणिताने पाहिलं. फरशीवरचा ठसा वाळत चालला होता. कडा आधी वाळल्या, चवडा वाळला. मधला भाग, जिथे पाणी लागायलाच नको होतं, तिथे सगळ्यात ओलं होतं.

ती कारखान्यात धावत गेली. पेटीतून बाबांचा, पालवी टोचण्याआधीचा कागद काढला. बाबांच्याच अक्षरात तारीख, 'उजवा'. मध्ये पांढरी, स्वच्छ खाडी. रोज वीस पाय मोजणाऱ्या तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन तिने बाबांना बसवलं आणि आरसा धरला. तळव्याची कमान खाली उतरून होडीच्या बुडासारखी फुगली होती. मध्ये कातडी लाल, तापलेली. एका ठिकाणी टाचणीएवढं भोक, त्यातून पिवळं पाणी.

"कधीपासून बाबा?"

"कायचं?"

"इतकं दुखत होतं तर बोलला का नाहीत?"

दौलत खरोखर गोंधळले. "बोलत तर होतो. रोज सांगितलं तुले. सात म्हणलं ना काल?"

*

डॉक्टर मसरामांनी एक्सरे पडद्यावर लावला. पायाच्या मधली पाचसहा हाडं ओळखू येत नव्हती. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी ती आतल्या आत बसली होती, आणि पू वर घोट्याच्या हाडात शिरला होता.

"आकडा चढत होता," ते म्हणाले. "मला वाटलं नस वाढतेय. नस वाढतच होती ताई. ती जे सांगत होती ते कोणी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "एक्सरे अठराव्या महिन्यात ठरला होता. मी आधी काढायला हवा होता."

प्रणिताला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते एवढेसे होऊन बसले होते, आणि आरसा तर तिच्या घरच्या खुंटीवर होता.

पाय गुडघ्याखाली काढावा लागणार होता. दोन दिवसांच्या आत, नाहीतर विष रक्तात भिनेल. ते तिने ऐकून घेतलं. वसाहतीत पाय जाणं नवं नव्हतं. सखूबाईचा भाऊ कुबडीवर बाग शिंपायचा.

"पण वसाहतीतल्या बाकीच्यांचं वेगळं होतं," डॉक्टर म्हणाले. "बहिरा पाय कापला की संपतं. यांची नस जिवंत आहे, कोवळी आहे. टोचलेला निरोप परत घेता येत नाही. पाय काढला तरी ती वाढायचं थांबवणार नाही. नसलेल्या पायाकडे वाढत राहील, आणि तो पाय दुखत राहील. किती वर्षं, मला खरंच माहीत नाही. आजवर कोणाचं झालेलं नाही."

"त्यावर काही?"

"मांडीतून नस जाळून टाकायची. मग दुखणार नाही. पण गुडघा, मांडी, सगळं बधिर. बधिर मांसावर कृत्रिम पाय बसवला की जखमा. म्हणजे चालणं संपलं. आणि पुन्हा वर चढणारं हाडाचं दुखणं."

दौलत खाटेवर सगळं ऐकत होते. अंगात ताप होता, डोळे चमकत होते.

"कापूच नका न," ते म्हणाले. "राहू द्या दुखत. मले चालते."

"काका, तुम्ही वाचणार नाही."

"बाकीचे तीन पाह्यता येत नाई का? हात कापा. हाताचं काय काम हाये मले?" आणि मग लेकीकडे वळून, लहान मुलासारखं, "प्रणे, तू सांग न यायले. एकच तर हाये. तेवढ्यातच पोरगी येते माह्यापाशी."

तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळाला कळत होतं. तेवढंच तिच्या हाती होतं.

"नस जाळायची का बाबा? दुखणार नाही मग."

खिडकीबाहेर कोणीतरी रुग्णाच्या नातेवाइकाला डबा कुठे धुवायचा ते सांगत होतं.

"नको," ते म्हणाले. "पुन्हा बहिरा नाई व्हायचं मले. दुखू दे."

दुसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि ते कोणाला ओळखेनात. अर्जावर 'नस बंद करावी' समोर दोन चौकोन होते, हो आणि नाही. प्रणिता पेन धरून बसली. तापातल्या माणसाचा शब्द तो, धरायचा की नाही? ती दोनदा उठून दारापर्यंत गेली, दोनदा परत आली. शेवटी तिने 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली. सही तिची स्वतःची वाटत नव्हती.

*

दौलत वाचले. आठव्या दिवशी त्यांना चांगलं कळू लागलं, आणि त्याच दिवशी पाय दुखू लागला. गुडघ्याखाली पांढरी पट्टी होती, तिच्यापुढे सपाट चादर. चादरीच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत ते म्हणायचे, "टाचेत. टाचेत कोणी खिळा मारून राह्यलं." गोळ्यांनी झापड यायची, टाच तशीच राहायची. डॉक्टर रोज येत, आकडा विचारत. आता तो लिहून घेताना ते वर बघत नसत. एकदा दौलतच म्हणाले, "नऊ लिहा साहेब. चढतच हाये न?" आणि हसायचा प्रयत्न केला.

प्रणिता शेजारी स्टुलावर बसून असे. पूर्वी आवाज झाला की उठायचं असायचं. आता बाबा कण्हले की ती उठायची, आणि उठल्यावर काय करायचं ते तिला कळायचं नाही. पाहायला पाय नव्हता. ती पाण्याचा पेला उचलून परत ठेवायची.

अकराव्या दिवशी जुईला भेटायला आत सोडलं. पायाचं प्रणिताने जुईला आधीच सांगून ठेवलं होतं, दोनदा, सोप्या शब्दांत. जुई दारातच थबकली. तिने चादरीकडे पाहिलं, मग आबाजींकडे. मग जवळ येऊन टेबलावरच्या चहाला दोन बोटं लावली.

"घ्या," ती म्हणाली. "पिण्यासारखा आहे."

दौलतनी दोन्ही हातांत पेला धरला. तेवढ्यात कळ आली. पेला कलंडला, चहा पट्टीवर सांडला, आणि त्यांनी ओठ आवळून घेतले.

"काय होतंय आबाजी?"

"पाय दुखते माय."

"पास झालेला?"

"हाव. तोच."

जुईने मान हलवली. मग खाली बसून आपली पिशवी उघडली. खड्यांचा डबा बाजूला ठेवला, आणि तेलाची बाटली अन् कापडात गुंडाळलेली वाटी काढली. घरून निघताना तिने ती कधी घेतली होती, प्रणिताने पाहिलंही नव्हतं. बाटलीतलं तेल न सांडता तिने वाटीत ओतलं, उजवा तळवा त्यात बुडवला, आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. दौलतनी सवयीने डोळे मिटले. मोजायला.

सपाट चादरीवर जुईचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. तेलाचे दोन थेंब चादरीवर पडले. हात तसाच वर धरून तिने आईकडे पाहिलं.

"आई, तेल कुठे लावू?"